बंद कन्व्हर्टर

आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी झालो तो प्रोजेक्टच्या मॅडममुळे. जळक्या वार्निशचा वास आला की, तशाच वासाने भरलेली नागपूरच्या कॉलेजची प्रयोगशाळा आणि ती दुपार आठवते. हायड्रोजनपासून वीज बनवून चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर, म्हणजे ती वीज मोटारीला जुळवून देणारा डबा, मी बंद केला, वायूची नळीही बंद केली आणि तार सोडवायला हात नेला. मागून मॅडमचा आवाज आला, "थांब गा! पहिले मीटर लाव. हात फुकटचा आला काय?" मी मीटर लावला. आत उरलेल्या वायूवर वीज तयार होतच होती. हात लावला असता तर जिवावर बेतलं असतं. वळून पाहिलं, तर खोलीत कोणीच नव्हतं. त्या वेळी मॅडम धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन टेबलावर बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी वाचावी म्हणून मी संध्याकाळी चिठ्ठी पाठवली: "मॅडम, तुमचं ऐकलं. हात नाही लावला."