गजू विमावाल्याचं ऐकलं तं

किस्से कोणी पेरत नाही, सोयाबीनमंधल्या तणासारखे ते आपोआप उगवतात. नेरकडच्या आमच्या गावात गजू विमावाला आला का एखादा उगवतेच. पॉलिसीचा हप्ता नेते अन् वरून फुकटचं शहाणपण देऊन जाते. गाडी अशी चालवा, गॅस असा बंद करा, फोनवर कोणाले काही सांगू नोका. मी कसाबसा चौथीपर्यंत गेलतो, तवापासून मले भाषण देणाऱ्याची चीड हाये. पण खरं सांगतो, त्याचं ऐकून आजवर कोणी मेलं नाही.

*

तांड्यावरच्या किसन राठोडले त्यानं हेल्मेट घ्यायले लावलं. बोरी अरबच्या बाजारातून येताना रोही आडवा आला, तुमची ती नीलगाय. किसन गाडीसकट नालीत. आम्ही पळत गेलो तं डोक्याले खोक, अन् हेल्मेट हँडलले लटकलेलं, टमाट्यानं भरलेलं.

"काहून बे, डोक्यावर काहून नाही घातलं?"

"मंग टमाटे कायच्यात आणू?"

टाक्यांवर भागलं. आता लेकाचा बाजाराले थैली नेते.

*

आमच्या बुढीले, म्हणजे माह्या मायले, फोन आला. पॉलिसीचा बोनस निघाला, मोबाईलवर आलेला नंबर सांगा, म्हणे. नंबर सांगू नोका, असं गजूनं बजावलं होतं. बोलू नोका, असं नव्हतं बजावलं.

बुढीनं त्याले गाव विचारलं, माय कशी हाये विचारलं, लग्न झालं का विचारलं. नाही म्हणाला तं बाभुळगावची बहिणीची नात सुचवली. मंग वावर किती ते विचारलं. त्यानंच फोन कापला.

"पोरगं गोड बोले," ती मले म्हणाली, "पण वावराचं नाव काढलं का चूप."

*

घर सोडताना गॅस बंद करा, हे शेजारच्या दत्तूनं मनावर घेतलं. रेग्युलेटरच काढून थैलीत टाकला अन् गेला सासरवाडीले. बायको घरातच होती. दिवसभर आमच्याकडं जेवली.

*

आता कापसाचं. भाव चढेपर्यंत आमच्याकडं कापूस घरातच भरतात, समोरच्या खोलीत, आढ्याले टेकेपर्यंत. यंदा सारा माल तिथंच होता. एक ठिणगी पडती तं घरही गेलं असतं अन् वर्षही. गजू त्या खोलीत बिडी पेटवू देईना, उदबत्ती लावू देईना. बुढीले तं त्यानं देवच दिव्यासकट स्वयंपाकघरात हलवायले लावला. ती त्याच्यावर लय दिवस फुगून होती.

एका दुपारी तो उन्हातून आला, जेवला, अन् दाराजवळच्या कापसावरच आडवा झाला. कापसावर झोप लय लागते. मी ओसरीत बसलो होतो तं जळका वास आला. आत जाऊन पाहतो, त्याचा मोबाईल चार्जिंगले लावलेला, कापसात रुतलेला, अन् भोवती धूर!

म्या वायर उपसली अन् बोंब ठोकली. बुढी ताकाची बादली घेऊन धावली. फोन, कापूस, गजू, साऱ्यावर ओतली. जळका कापूस आम्ही घमेल्यात भरून अंगणात फेकला, खाली हात घालघालून पाह्यलं. थंडगार होतं. तवा कुठं माह्या जिवात जीव आला.

गजू ताकानं पांढरा होऊन बसला होता. मी शिवी हासडणारच होतो, पण बुढीनं त्याले टॉवेल देला, चहा देला, अन् तो काळा पडलेला फोन पदरात उचलला.

"बाबू," ती म्हणाली, "तुमचा हा देवबी स्वयंपाकघरातच ठेवते."