पाळकसाहेब पाण्याखाली गेले तो रविवार

आमच्या पाळकसाहेबांनी नाशिकमध्ये आयुष्यभर बाप्तिस्मे दिले, पण दोनदा हौदात उतरवलं जायचा मान एकट्या मलाच मिळाला. त्यातल्या पहिल्या वेळी बाप्तिस्मा माझा झालाच नाय, त्यांचाच झाला.

नीट सांगतो. मी मूळ नांदगावचा. शाळेत गेलो तो सुकडीचा सरकारी खाऊ वाटेपर्यंत, वाटली की घरी. आमच्याकडं पाणी म्हणजे हंड्याच्या तळाशी असतं ते. अंगावर दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी मी कधी घेतलंच नव्हतं. आई येशूची प्रार्थना करायची, म्हणून मीही डोळे मिटायचो, तेवढाच काय तो माझा धर्म. मग ओझरला कारखान्याच्या कँटीनमध्ये भजी तळायला लागलो.

पाळकसाहेब ओझरला दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना घ्यायला नाशिकहून सायकलवर यायचे. उंच, काटकुळे. पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि पंक्चर काढायचं सामान. वाटेत कुणाच्या सायकलचं चाक बसलेलं दिसलं की हे खाली उकिडवे, अन् इकडं आमची प्रार्थना खोळंबलेली. उपदेश मात्र थोडका. म्हणायचे, लांबवला आणि रात्रपाळीची बस चुकली की माणूस देवावर राग काढतो. नवरा-बायकोचं भांडण असेल त्या घरात जाऊन मधोमध बसायचे आणि चहा मागायचे. साखर कुठाय, डबा कुठाय करता करता ती दोघं बोलायला लागायची.

मी प्रार्थनेला जायचो तो चहासाठी. पुढं चहा कोण देतंय त्यासाठी जायला लागलो. ज्या घरी प्रार्थना व्हायची त्या घरची ती मुलगी. तिचे वडील आमच्या मंडळीचे डीकन, म्हणजे कारभारी. शिंप्यानं माप घ्यावं तसं माणसाकडं बघायचे. मी धीर करून मागणी घातली, तर म्हणाले, आधी बाप्तिस्मा, मग बोलू. त्यात तिला एका क्लार्कचं स्थळ सांगून आलेलं. क्लार्कला पोहता येतं हेही मला कुणीतरी मुद्दाम सांगितलं.

ते सांगायचं कारण असं, की बाकीच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात आणि मोकळे होतात. आम्ही बॅप्टिस्ट. आमच्यात जाणत्या माणसानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं आणि आख्खं पाण्याखाली जायचं. उपदेश करायच्या जागेच्या फळ्या काढल्या की खाली हौद. एक बोट बाहेर राहिलं तरी डीकनसाहेबांना चालायचं नाय.

पाळकसाहेबांनी आधी समोर बसवून विचारलं, बाप्तिस्मा कशाला हवा. मी खरं ते सांगितलं, लग्नासाठी. वाटलं, आता हाकलतात. ते हसले.

"हे एक कारण झालं," म्हणाले. "दुसरं सापडलं की ये."

दुसरं मला कुठं सापडतंय? त्या मुलीनंच पाठ करून घेतलं. पापांची क्षमा, जुनं मरण, नवं जीवन. आठवड्यानं मी जाऊन सगळं एका दमात म्हणून दाखवलं. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि बरं म्हणाले.

नाताळच्या आधीचा रविवार. नाशिकची थंडी. पांढरा सदरा घालून मी हौदाच्या पायऱ्या उतरलो, तर पाणी छातीला लागलं. तिथंच माझं पाठांतर गेलं. पाळकसाहेबांनी एक हात माझ्या पाठीमागं धरला आणि पिता, पुत्र म्हणत मला मागं झुकवलं. पाय सुटतायत असं वाटल्याबरोबर मी त्यांच्या मानेला मिठी मारली आणि होता तेवढा जोर लावून उभा राहिलो. मी वर आलो तसे ते खाली गेले. आख्खे. टाळूसकट. पेटीवाला डोळे मिटून वाजवणारा माणूस, त्यानं ठरल्याप्रमाणं गाणं सुरू केलं आणि मंडळी आनंदानं उभी राहून गायली. पाळकसाहेब खोकत वर आले तेव्हा दुसरं कडवं चाललेलं. माझे केस कोरडे.

डीकनसाहेब काठावरून वाकून बघत होते.

"पाळकसाहेबांचा झाला," ते म्हणाले. "ह्याचा नाही."

त्याच आठवड्यात क्लार्कच्या घरच्यांना चहाचं बोलावणं गेलं. ईस्टरला माझा बाप्तिस्मा झाला तर ठीक, नाय तर ईस्टरनंतर तिकडं सुपारी फुटणार, असा निरोप मला मिळाला. कँटीनमध्ये माझी भजी करपायला लागली.

गुरुवारी पाळकसाहेब आले ते शिंकत. रागवायचं सोडून मला कँटीनच्या मागं पाण्याच्या पिंपाजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, नुसतं तोंड बुडव. मला जमेना. नाक पाण्याला लागलं की मान आपोआप वर. तीन-चार गुरुवार असेच गेले. शेवटी मीच म्हणालो, साहेब, क्लार्कचं होऊन जाऊ द्या, तो निदान पोहतो तरी.

ते पिंपाच्या कडेला टेकले. चष्मा पुसत म्हणाले, "मला पोहता येत नाही."

मला खोटंच वाटलं.

"बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी घास उतरत नाही मला. हातातून कुणी सुटलं म्हणजे?"

"मग उतरता कशाला?"

"समोरचा उतरलेला असतो ना. त्याला एकट्याला कसं सोडायचं?"

मी पिंपातल्या पाण्यात हात घातला. मग म्हणालो, "साहेब, तुम्ही धरणार असाल तर मला बुडायचंय." हे माझ्याकडून कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडं बघितलं आणि ह्या वेळी बराच वेळ वगैरे काय लावला नाय.

"हां," म्हणाले, "हे दुसरं कारण."

ईस्टरच्या सकाळी परत तोच हौद. माझे दोन्ही हात त्यांनी माझ्याच छातीवर बांधल्यासारखे दाबून धरले, नाकावर रुमाल ठेवला. मग छत दिसलं, मग नाय दिसलं, आणि मग परत दिसलं. पेटीवाल्यानं या खेपेला एक डोळा उघडा ठेवला होता, खात्री झाल्यावर सूर दिला. डीकनसाहेबांनी डोक्यापासून पायापर्यंत माप घेतलं आणि क्लार्ककडं उलटा निरोप धाडला. मे महिन्यात आमचं लग्न लागलं, पाळकसाहेबांनीच लावलं.

पण ईस्टरच्या त्या सकाळी मी चर्चच्या मागं टॉवेल गुंडाळून उभा होतो, आणि ती चहा घेऊन आली. मी छाती पुढं काढून म्हणालो, बघितलं ना, दाखवलं की नाय करून?

ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत? बुडवलं त्यांनी, काढलं त्यांनी. तुम्ही नुसते भिजलात."