म्हशीखाली बसता येईल का?

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, गुडघ्यांचा डॉक्टर निवडायचा होता आणि निवडीचा अनुभव त्यांना एकाच क्षेत्रातला होता. नवरा वडिलांनी निवडला, सून मुलाने निवडली. म्हशी मात्र त्यांनी स्वतः निवडल्या, आणि त्यांतली एकही वाईट निघाली नाही, असं त्या माझ्याकडे बघत सांगतात.

आमचं घर कसबा बावड्यात. मागे गोठा, गोठ्यात एकच म्हैस, आणि ती आत्तींशिवाय कुणाला हात लावू देत नाही. धार काढायला उकिडवं बसावं लागतं. आत्तींचे दोन्ही गुडघे पार गेले होते. उठताना त्या असा काही आवाज काढायच्या की म्हैसच दचकायची. एकदा तर उठताच येईना. मी आणि नवऱ्याने दोन्हीकडून धरून उचललं. त्या दिवशी त्या रडल्या आणि मला खरंच भीती वाटली, कारण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. बरं, दुखतंय म्हणून नाही, तर "आता म्हस इकाय लागणार," म्हणून.

दूध संस्थेच्या रांगेत बातमी फुटली आणि अख्खी गल्ली डॉक्टरांची नावं घेऊन दारात आली. आमच्याकडे प्रत्येकाचा एक 'आपला डॉक्टर' असतो. एका काकांनी तर चहा यायच्या आत पँट वर करून टाके दाखवले. मी मोबाइलवर कुठल्या दवाखान्याला किती तारे आहेत ते बघत बसले होते. आत्ती म्हणाल्या, "दलालाचं ऐकून कुणी म्हस घेतंय व्हय? चालवून बघाय पायजे."

म्हणून आम्ही एका दवाखान्यासमोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि बाहेर पडणाऱ्यांच्या चाली बघू लागलो. कुणी लंगडलं की आत्ती नाक मुरडायच्या. तेवढ्यात एक म्हातारबा धोतराचा सोगा धरून ताडताड बाहेर आले. आत्तींनी मला कोपर मारलं आणि हाक घातली, "ओ पावणं! झ्याक चालतासा की. हितंच केलंय व्हय आपरेशन?"

"केलंय कुठलं!" पावणे न थांबता म्हणाले. "सुई बघितली आन् पळून चाललोय. पोरगं इचारत आलं तर सांगू नगासा."

तो डॉक्टर बाद झाला. त्या बिचाऱ्याचा काहीही दोष नव्हता.

शेवटी तिघांना प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. मी विचारायचे की सांधा किती वर्षं टिकतो, जंतुसंसर्ग झाला तर काय, अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का. आत्तींचा प्रश्न एकच होता. "म्हशीखाली बसता येईल का?"

पहिले डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, पळाल तुम्ही, पळाल!"

"मला पळायचं न्हाय, बसायचंय," आत्ती म्हणाल्या आणि बाहेर येऊन निकाल दिला, "दलाल हाय."

दुसऱ्यांनी मान वर न करताच सांगितलं, "म्हैस विकून टाका. या वयात कशाला ती उठाठेव?" आत्ती इतक्या चटकन उठल्या की हिला ऑपरेशन कशाला हवंय, असं डॉक्टरांना वाटलं असेल.

तिसऱ्यांनी एक्स-रे बघितला आणि आत्तींना म्हणाले, "दारापर्यंत जाऊन या बघू." आत्तींनी माझ्याकडे सूचक नजरेने बघितलं. चालवून बघतोय! माझ्या प्रश्नांची उत्तरंही त्यांनी नीट दिली, काय काय बिघडू शकतं तेसुद्धा सांगितलं. मग आत्तींचा प्रश्न आला.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "उकिडवं नाही आणि मांडी घालूनही नाही. खुर्चीवरच बसायचं."

आत्तींचा चेहरा पडला. मला त्या माणसाचा असा राग आला! म्हातारीचं मन राखायला थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवून म्हणाले, "आजी, गुडघा खाली न्यायचा नाही. म्हैस वर घेता येते का बघा. ओटा बांधा."

रिक्षात बसल्यावर आत्तींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "खोड आदी सांगितली त्यानं. ह्योच."

ऑपरेशन नीट झालं. आत्ती बऱ्या होईपर्यंत त्यांचं लुगडं नेसून, तोंडावर पदर ओढून, मी धार काढली. म्हशीने मला पहिल्याच दिवशी ओळखलं, पण दया येऊन तांब्याभर दूध दिलं. नवऱ्याने गोठ्यात उंच पायरीएवढा ओटा बांधून घेतला आणि त्याच्या कडेला खुर्ची ठेवली.

काठी सुटली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आत्ती गोठ्यात आल्या. तर म्हैस ओट्यावर चढेना. नवरा पुढून दावं ओढतोय, मी मागून रेटतेय, आणि म्हैस आपली ढिम्म.

"सरा बाजूला," आत्ती म्हणाल्या. त्यांनी एक पाय ओट्यावर ठेवला. मग दुसरा. भिंतीला धरलं नाही, दावणीला नाही, आम्हाला कुणालाच नाही. वर उभ्या राहून त्यांनी म्हशीकडे बघत जीभ टाळ्याला लावून च्यक च्यक केलं.

म्हशीकडे कोण बघतंय! नवऱ्याच्या हातातलं दावं तसंच गळून पडलं होतं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडतीस काय गं," आत्ती वरून ओरडल्या, "मागनं ढकल की!"