टोपली फेका, घरी फिरा

त्या सकाळी आम्ही दोघं चुलीपाशी बसून काळा चहा प्यालो. तिच्या टोपलीचं बूड एका बाजूनं सुटलं होतं, ते मी तारेनं आवळून दिलं. तिनं बोटानं दाबून पाह्यलं, बाजारात मासोळी ताजी का शिळी पाह्यतात तसं. तेवढ्यात गावाच्या कडेचा भोंगा वाजला. वाजला कसला, खरखरला. खर्रर्र... कर्रर्र... काही दिवसांपासून तो असाच खरखरत होता. वाघ गावाजवळ दिसला का जंगलखात्याचा गार्ड मोबाईलवरचं बटन दाबायचा, आन् भोंग्यातून आवाज यायचा. तो आवाज माझ्या बायकोचा होता, सायत्राचा. ती हसली. म्हणे, "अजी, ऐका तं. माह्या गळ्याले काय झालं पाहा. मशीनले सर्दी झाली वाटते." मी म्हटलं, "तुले तं जल्मात सर्दी नाई झाली, तुह्या आवाजाले कशी झाली?" "जास्त बोलू नोका, भात उतरवून ठेवजा," म्हणे, आन् टोपली कमरेला लावून बायांसोबत मोहाची फुलं वेचायले गेली. ऊन चढायच्या आत शेजारची कौसाबाई पळत आली. पायात चप्पल नोती. "भाऊ..." एवढंच म्हणाली अन् ओट्यावर बसली. मोहाखाली फुलं वेचत बसलेल्या सायत्राले वाघानं मागून धरलं होतं.

मेलेल्या माणसाबद्दल पेपरात गोड गोड लिहितात. मी चौथी शिकलो, मले गोड लिहिता येत नाई. माझा राग वाघावर नाई. त्याचं जंगल, त्याची भूक. माझा राग त्या नागपूरच्या कंपनीवर आहे, जिनं भोंग्याचा प्रोग्राम बनवला. कंपनीचं नाव मी लिहिलं होतं, त्या विंजिनियरचंही. हे छापणाऱ्या पेपरच्या पुरवणीवाल्या बाई म्हणाल्या, काका, नावं छापता येत नाईत. बरं. ज्याले कळायचं त्याले कळन.

आम्ही तळ्यावरची माणसं. मी जाळं टाकायचो, ती मासोळी घेऊन मोहर्लीकडं गावोगाव फिरायची. तिची आरोळी एका गावातून निघाली का दुसऱ्या गावातल्या बाया चुलीवर तवा ठेवत, असं लोक म्हणत. मी डोंग्यात असलो का ती पारीवरून, तळ्याच्या बांधावरून, हाक मारायची, सारं तळं हलायचं. मी म्हणायचो, "अवं हळू बोल, मासे बुडी मारतात तुह्या आवाजानं." ती म्हणायची, "तरीच तुमच्या जाळ्यात खेकडे येतात." भांडण झालं का मी मुकाट डोंगा सोडून पाण्यात निघून जायचो. पण पाण्यावर आवाज लय दूर जातो... माझं भांडण माझ्या मागं मागं यायचं.

भोंगा बसवायचं ठरलं तेव्हा आवाज कोणाचा घ्यायचा, हे विचारायचीही गरज पडली नाई. शाळेच्या खोलीत तिले बसवलं. तो विंजिनियर आला होता, चष्मेवाला, बोलायले गोड. त्यानं तिच्यापुढं कागद ठेवला. तिले वाचता येत नाई म्हणून त्यानंच वाचून दाखवलं, "कृपया लक्ष द्या. आपल्या परिसरात वाघाचा वावर आढळून आला आहे." सायत्रानं तोंडाले पदर लावला. म्हणे, "दादा, ही तं बँकेतली बाई बोलून राह्यली. हे आयकत आयकत बाया आणखी वेचत बसतीन." आन् वाघाचं नाव घ्यायले तर ती तयारच नोती. आमच्याकडे रानात त्याले नावानं बोलवत नाई, मोठा म्हणतात. नाव घेतलं का तो आपल्याले बोलावलं समजतो. मग ती उभी राह्यली, कमरेवर हात ठेवला, आन् जसं तळ्यावरून मले बोलवायची तशी ओरडली, "बायाहोऽऽ, मोठा आला वोऽऽ! टोपली फेका, घरी फिरा!" खिडकीवरची पाखरं उडाली. विंजिनियर म्हणे, बाई, एकच नंबर. टोपली फेका, हे तिनं स्वतःच घातलं. बाई जीव सोडन, पण सकाळपासून वेचलेली टोपली सोडत नाई, हे तिले माहीत होतं. मोहाच्या दोन हंगामात त्या आवाजानं सारं रान मोकळं व्हायचं. टोपल्या तिथंच पडलेल्या असत, बाया घरी.

मग कंपनीनं प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली. त्या दिवसापासून खरखर. गार्डनं फोन केला, तं कंपनीवाले म्हणे, पाहतो. बायांले वाटलं, भोंगा बिघडला, असाच वाजत असन. खरखरीले कोण टोपली फेकतं?

तेरवी झाल्यावर तो विंजिनियर आला. हात जोडून ओट्याखाली उभा. मी बस म्हटलं नाई. म्हटलं, "माह्या बायकोचा आवाज तू काय केला, हे मले समजन असं सांग." त्यानं सांगितलं, ते ऐका. प्रोग्राम बांधताना म्हणे दोन प्रकारचा माल असतो. जे लिहिलेलं असतं ते मशीन शिजवते. बाकीचं, म्हणजे चित्रं, आवाज, सूचनांचे कागद, हे एका वेगळ्या फोल्डरात ठेवतात आन् जसंच्या तसं पेटीत भरतात. मी म्हटलं, "म्हणजे डब्यासारखं. भात शिजवायचा, लोणचं तसंच ठेवायचं." "हो काका, तसंच." मग नव्या आवृत्तीत प्रत्येक गावाच्या कागदात गावाचं नाव आपोआप भरायचं होतं. मशीनले सांगता येतं म्हणे, का भरताना कागदातल्या रिकाम्या जागा हुडक आन् तिथं नाव टाक. यानं ते फक्त कागदांपुरतं सांगायच्या जागी सगळ्या फोल्डरले सांगितलं. सायत्राचा आवाज त्याच फोल्डरात. मशीननं आवाजालेही कागद समजून अक्षरं वाचावी तसं वाचलं, आन् परत लिहिलं. आवाजाचा भुगा झाला. दोन फोल्डर वेगळे ठेवले असते तं झालं होतं.

"आन् पाठवायच्या आधी आयकून काऊन नाई पाह्यलं?"

तो खाली पाहून म्हणे, "काका, बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची बांधणी, यशस्वी झाली असं स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं होतं."

हिरव्या अक्षरात. मी चौथी शिकलो, पण बाजारात माठ घेतला तं बोटानं वाजवून घेतो. माझ्या हाताशी काठी होती. कौसाबाईनं ती हळूच उचलून घरात नेली, म्हणून हे लिहायले मी घरी आहे.

मग त्यानं खरं काम काढलं. म्हणे, आमचे साहेब म्हणतात, आता बाईंचा आवाज काढून टाकू, शहरातल्या एका बाईंचा भरू, गावाला त्रास नको. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एकदा मारली, आता पुसून राह्यले काय? तोच आवाज लागन. आजच भर. आन् तो नीट वाजते का नाई, हे तू स्क्रीनवर नाई पाहायचं. उद्या सकाळी माह्यासंग यायचं." गावकरी माझ्या मागं उभे राह्यले. तो शाळेच्या खोलीत संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घेऊन बसला. त्यानं आवाज वेगळ्या फोल्डरात ठेवला, मशीनले सांगितलं, याले हात लावायचा नाई, उचलून जसाच्या तसा ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी त्याले त्याच मोहाखाली नेलं. हातात टोपली दिली. तो उभ्या उभ्या वाकून वेचायले लागला. म्हटलं, "असं नाई. उकिडवा बस. बाया बसतात तसा. झुडपाकडं पाठ कर." तो म्हणे, "काका, इथे खरंच...?" म्हटलं, "तुह्यी मशीन आहे ना? मंग भ्याचं काय?" गार्डले मी सांगून ठेवलं होतं, बटन कधी दाबशीन ते आम्हाले सांगू नोको. पाचोळा वाजला का त्याची मान वळायची. चष्म्यावर घाम आला. दोन लेकरांचा बाप, लेकराच्या तोंडासारखं तोंड झालं होतं त्याचं. मले दया आली नाई. लिहून ठेवतो, आली नाई.

"बायाहोऽऽ..."

स्वच्छ. जशी पारीवर उभी राहून ओरडायची तशी. तो उठला, टोपली फेकली आन् गावाकडे पळाला, चप्पलही राह्यली. मी तिथंच बसून राह्यलो. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली... मले घरी फिरा म्हणत होती, आन् घरी कोणी नोतं.

आवाज थांबल्यावर मी त्यानं सांडलेली फुलं वेचली, आणखी वेचली, टोपली काठोकाठ भरली. तो शाळेच्या नळावर तोंड धूत होता. त्याच्या गाडीचं दार उघडंच होतं. सीटखाली, पायाखाली, मागच्या गादीच्या फटीत, सारी टोपली मी ओतली आन् हातानं दाबून दाबून बसवली. मोहाचा वास एकदा कपड्यात शिरला तं धुऊन जात नाई, आन् गरमीत आंबला का डोकं धरतो. मग चारही काचा वर आहेत का पाह्यलं, दार लावलं, आन् भात टाकायले घरी आलो.