पाळणाबाई

कुणाचंही लेकरू दारात आलं की बाई उठून उभ्या राहत. मोठा साहेब आल्यावर आपण राहतो तशा. मूल साचेवाल्याचं असो की झाडूवालीचं, पदराला हात पुसून म्हणत, "या, आलात?" चार महिन्यांच्या पोराला अहो-जाहो! मी हसायचो.

मध्यभारत राज्य होतं तो काळ, स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. इंदूरच्या एका कापडमिलमध्ये मी साच्यावर, म्हणजे मागावर, होतो, बायको सूत गुंडाळायच्या खात्यात. कामकरी बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी मिलनं पाळणाघर ठेवलं होतं, ते या बाईंच्या हाती. आमचं पोरगंही तिथंच असे. नगरकडच्या ख्रिस्ती विधवा. आम्ही पाळणाबाई म्हणायचो.

एकदा मॅनेजर पाहुणे घेऊन आले. बाईंच्या मांडीवर मूल, तोंडाला दुधाची वाटी. बाई उठल्या नाहीत. साहेब म्हणाले, "बाईजी, मेहमान आये हैं." बाई म्हणाल्या, "हो साहेब. माझे हे मांडीवरचे पाहुणे यांच्या आधी आलेत. दूध होऊ द्या." साहेबांना अशी थांबायची सवय नव्हती. थांबले.

बाईंचं वैर एकाच गोष्टीशी, अफूशी. आमच्या माळव्यात कामाला जाणारी बाई लेकराला तिळाएवढी गोळी चाटवायची, म्हणजे ते दिवसभर निजे. बाई म्हणायच्या, "निजवायला मी आहे ना?" मी ऐकणारा नव्हे. म्हटलं, "अहो, मी त्याच गोळीवर वाढलो. काय झालं मला?" बाई म्हणाल्या, "वाढलात खरे. पण साच्यावर डुलक्या घेता, त्या कुठून आल्या?" सगळ्या बायका हसल्या. मी आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. अफूही थांबवली नाही.

मग एक दिवस घोटाळा झाला. माझ्या आईनं घरी बाळाला गोळी दिली, सुनेला सांगितलं नाही. बायकोनं निघताना दिली, सासूला विचारलं नाही. दुपारच्या आत मला साच्यावर पाळणाघरातून बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर पोरगं निळं पडलेलं, मान लुळी. मिलचे डॉक्टर औषध देऊन म्हणाले, "इसको सोने मत देना. सो गया तो गया."

बाईंनी त्याला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागल्या. तोंडावर गार पाणी मारत, तळव्यांना टिचक्या देत, मधेच छाती चोळत. रडणारी पोरं गप्प करण्यात जन्म घालवलेली ती बाई, आता एकाला रडवायला धडपडत होती. "रडा हो, रडा. जरा ओरडा माझ्यावर," म्हणत होत्या. बायको भिंतीशी बसली होती. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुम्ही पाळणे हलवा. बाकीच्यांनी काय केलंय?" मी, सव्वा वीत मिशांचा माणूस, पाळणे हलवत बसलो.

सुट्टीचा भोंगा झाला आणि पोरगं रडलं. असं रडलं की भोंगा मागे पडला. बायकोनं बाईंचे पाय धरले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "बाई, देव आला हो धावून."

बाईंनी पोरगं माझ्या हातात दिलं. घामानं चिंब झाल्या होत्या. वाटलं, आता बसतील, प्रार्थना करतील. त्या कोपऱ्यातल्या पाळण्याकडे गेल्या. झाडूवालीची पोर तिथं मघापासून कुरकुरत होती. म्हणाल्या, "देव सकाळपासून इथंच आहे. हा बघा, ओला पडलाय. जरा सरका, लंगोट बदलू द्या."

एक मूल मरणाच्या दारातून आणलं आणि दुसऱ्याचा लंगोट बदलला. बाईंचे हात दोन्हीला सारखेच चालत होते. मी देवळं पुष्कळ पाहिली, पण तेव्हा अंगावर आला तसा काटा पुन्हा आला नाही.

म्हातारपणी बाई नगरला गेल्या आणि तिकडेच वारल्या. आमच्या घरात परत कधी अफू आली नाही. काल त्याच पोराची नात पहिल्यांदा घरी आणली. माझे गुडघे गेलेत. दोघांनी धरल्याशिवाय उठवत नाही. सून म्हणाली, "बाबूजी, बसून राहा, मांडीवर देते."

म्हटलं, "आधी मला उभं कर."