विल्फ गारसाइडचा नाला आणि माझं नेपथ्य

पडदा वर जातो. रंगमंचावर चिखल. मागे डोंगरउतारावर राखाडी घरांच्या रांगा, धुरांडी, त्यावर खाली उतरलेलं आभाळ. डावीकडे पत्र्याची शेड, उजवीकडे पाण्याने गच्च भरलेलं पिंप. बारीक, तिरका पाऊस, आमच्या यॉर्कशरचा, छत्रीला न जुमानणारा. मध्यभागी वाकलेला एक म्हातारा ब्रसेल्स स्प्राउटच्या, म्हणजे चिमुकल्या कोबीच्या रोपांची खालची पिवळी पानं काढतो आहे. तो वर पाहत नाही. आणि मागच्या फाटकातून प्रवेश होतो माझा: नवे गमबूट, लाल मफलर, हातात किमतीची चिठ्ठी न काढलेलं फावडं.

मला एन्ट्रीला टाळी घ्यायची सवय. सेहेचाळीस हिवाळे मी नाताळच्या नाटकांतून विनोदी थोराड बाईची कामं केली. पोटावर उशी, गालावर लाली, डोक्यावर टोपलीएवढा टोप. डिसेंबर-जानेवारीत दिवसाला दोन प्रयोग, त्यामुळे जानेवारीतला उजेड कसा असतो हेच मला एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तो फारसा नसतो.

"नमस्कार!" मी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेक्षकालाही ऐकू जाईल असं म्हणालो. "मी लायनेल फेअरब्रास. पंधरा नंबर. तुमचा नवा शेजारी!"

म्हाताऱ्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "वाफ्यात उभा आहेस."

"कुणाच्या?"

"तुझ्याच."

"मग काय बिघडलं?"

"ओल्या चिकणमातीत उभं राहिलं की तिची वीट होते. नाचायचं तर वाटेवर नाच, पोरा."

हा विल्फ गारसाइड. वय ब्याऐंशी, म्हणून मी पोरगा. जन्म खालच्याच गल्लीतला, लग्न त्याच गल्लीतल्या नोराशी. चाळीस वर्षं नगरपालिकेच्या गटारखात्यात. नोकरी सुटल्यापासून रोज सकाळी नऊला चौदा नंबरच्या तुकड्यावर हजर. डोक्यावर कायम एकच टोपी. ती आधी कुठल्या रंगाची होती यावर नोराचं आणि त्याचं एकमत नाही.

आमच्याकडे नगरपालिकेच्या जमिनीचे असे भाजीचे तुकडे भाड्याने मिळतात, पण मिळायला वेळ लागतो. मी पाच वर्षं यादीत होतो. नोव्हेंबरात ताबा मिळाला तेव्हा चिटणीस मिसेस ओल्डरॉइड यांनी बजावलं होतं, "फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पाहणी. एक तृतीयांश जमीन मशागतीखाली दिसली पाहिजे. नाही तर तुकडा यादीतल्या पुढच्याला जाणार. मागच्या वर्षी दोघांचे गेले."

मी हसून मान डोलावली. खरं सांगायचं तर घरी जाऊन तो शनिवार कॅलेंडरवर लाल शाईने गोल केला. भाजीसाठी नव्हे, भाजी बाजारात मिळते. पण रंगभूमी सुटल्यापासून मी वेळेवर कुठे पोचलो की नाही याची चौकशी करणारं कुणी उरलं नव्हतं. इथे दुसऱ्याच आठवड्यात मला दहा मिनिटं उशीर झाला, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "झोप झाली का?" घरी जाताना मी शीळ घालत होतो. हा तुकडा मला सोडायचा नव्हता.

डिसेंबर पावसात गेला. जानेवारीत सलग एकोणीस दिवस पाऊस. माझ्या तुकड्यावर इतकं पाणी साचलं, की एका सकाळी त्यात दोन बदकं उतरली आणि माझ्याकडे मालकाच्या नजरेने पाहू लागली.

"थांब," विल्फ म्हणायचा. "आता हात लावू नको."

थांबणं हे मला कधी जमलेलं नाही. विंगेत उभा असतानाही मी पडद्याशी खेळत असे. एका मंगळवारी विल्फ पायाच्या डॉक्टरकडे गेलेला पाहून मी मनसोक्त खणून घेतलं. प्रत्येक फावड्याला फरशीसारखं चकचकीत ढेकूळ निघे आणि जिथे ठेवावं तिथे तसंच बसे. दुपारी डावा गमबूट मातीने धरून ठेवला आणि मी पुढे गेलो. मोजा घातलेल्या पायावर तोल सांभाळत उभा असतानाच विल्फ आला.

"काय केलंस?"

"खणलं."

"याला खणणं म्हणत नाहीत. थापलंस तू."

तो रागावला असता तर मी रागाला रागाने उत्तर दिलं असतं; तशा प्रसंगांची मला चांगली तालीम आहे. पण तो शेडमध्ये गेला आणि लांब, अरुंद पात्याचं, मूठ हाताने गुळगुळीत झालेलं फावडं घेऊन आला.

"वरच्या कोपऱ्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत चर काढ. गुडघाभर खोल. उतार सोडायचा नाही. आणि फळी टाकून तिच्यावर उभा राहा."

"उतार बरोबर आहे की नाही ते कसं कळणार?"

त्याने थर्मासमधला उरलेला चहा चरात ओतला. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. चहा हातभर गेला आणि थांबला.

"परत," विल्फ म्हणाला.

तीन आठवडे असे गेले. मी खणायचो, तो चहा ओतायचा, चहा थांबायचा, तो "परत" म्हणायचा. इतके कठोर दिग्दर्शक माझ्या वाट्याला दोनच आले होते, आणि त्यांनी निदान चहा मला प्यायला दिला होता. मी रोज पाठ दुखल्याचं सांगत असे, थोडं वाढवून. विल्फ ऐकून घेई आणि स्प्राउट तोडे.

एकदा मी त्याला विचारलं, "तुम्ही कधी माझं नाटक पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलं."

"म्हणजे?"

"अठ्ठ्याहत्तर साली तुमच्या थिएटरचं गटार तुंबलं होतं. बायकांच्या बाजूचं. मध्यंतरापासून शेवटपर्यंत मी स्टेजखाली होतो. सगळं ऐकू आलं."

"मग?" मी फावडं टेकवून उभा राहिलो. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, अभिप्राय हा अभिप्राय.

"पाय जड होते तुझे."

"भूमिकाच तशी होती! पोटावर उशी असायची!"

"असेल. माझ्या टोपीत धूळ पडत होती." मग टोपी काढून झटकत, "लोक हसत मात्र होते. वरचं हसणं खाली पाइपातून यायचं. आमच्या खात्यातला जॉर्ज सोबत होता, तो म्हणाला, आपण नीट काम केलं तर आपल्याला कुणी हसत नाही. त्याला वाईट वाटलं होतं बहुतेक."

शेवटी चहा वाहिला. वरून ओतला तो सरळ ओढ्यात गेला, आणि मी दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना वंदन केलं. प्रेक्षक म्हणजे बदकं. विल्फने मला चरात फुटक्या विटा भरायला लावल्या, वर खडी, आणि त्यावर उपटून ठेवलेली हिरवळ पुन्हा अंथरायला लावली. झालं. तीन आठवड्यांच्या कष्टांनंतर दिसायला काय उरलं, तर काहीच नाही. गवताची एक पट्टी.

माझ्यासारख्या माणसाचा इथेच घात होतो. पाणी ओसरत होतं, मधले चार दिवस कडक थंडी पडून ढेकळंही फुटली होती, पण माझ्या डोळ्यांना फक्त रिकामा रंगमंच दिसत होता. मिसेस ओल्डरॉइड येणार, उघडी माती बघणार आणि वहीत फुली मारणार. विल्फ कमिटीवर आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याच्याकडे वशिला लावायची हिंमत नव्हती. तेव्हा मी मला येणारी एकमेव गोष्ट केली. शुक्रवारी बाजारात जाऊन बत्तीस लीक विकत आणली. पातीच्या कांद्याचे हे थोराड भाऊ दिसतात मोठे रुबाबदार. रबरबँड काढले, सुतळी ताणली, काठीने भोकं पाडली आणि वीतभर अंतरावर एकेक उभं केलं. संध्याकाळी फाटकाशी जाऊन पाहिलं. काय सांगू! चौदाव्या रांगेतून तर अप्रतिम.

शनिवारी अकरा वाजता पाऊस हजर, मिसेस ओल्डरॉइड हजर, त्यांची वही प्लास्टिकच्या पिशवीत. खजिनदार तापाने आडवे, म्हणून सोबत एकटा विल्फ.

"अगंबाई! लीक?" मिसेस ओल्डरॉइड थबकल्या. "मिस्टर फेअरब्रास, जानेवारीत इथे तळं होतं ना हो?"

"उशिराची जात आहे," मी म्हणालो.

"कुठली?"

"विंटर डचेस," मी म्हणालो. अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. "बी कुठून मागवलंत? आमच्या ह्यांना हवंच होतं असं काही."

"खाजगीतलं आहे. एका सरदार घराण्याकडून..."

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या डचेसने मान टाकली. हळूच कलली, जरा विचार केला आणि आडवी झाली. मग तिच्या शेजारची. विल्फने वाकून एक उचललं, उलटं धरलं. बुडाशी मुळं नव्हती. दाढी केल्यासारखी साफ.

मी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात मी कुणाकडे इतक्या काकुळतीने पाहिलं नसेल, आणि मी काकुळतीचे पैसे घेत असे.

"बाजारातली आहेत," विल्फ म्हणाला. "कालची."

मिसेस ओल्डरॉइड यांनी चष्मा पुसला. "हे खरं आहे, मिस्टर फेअरब्रास?"

"खरं आहे," मी म्हणालो. मी मफलर काढून हातात घेतला.

"मग मला पर्याय नाही. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या बाई चार वर्षं थांबल्या आहेत."

"वहीतली लीक खोडा," विल्फ म्हणाला. "आणि खाली बघा."

"कुठे खाली?"

"तुमच्या बुटांकडे. तेरा नंबरमध्ये घोट्यापर्यंत रुतलात. इथे उभ्या आहात पाच मिनिटं."

त्यांनी बूट उचलून पाहिला. विल्फने शेजारी खणायचा काटा रोवला, मातीचा लपका उचलला आणि मुठीत दाबला. तो भुसभुशीत फुटला. मग गवताच्या पट्टीपासून मधल्या वाटेपर्यंत तो लांब पावलं टाकत मोजत गेला आणि परत आला.

"एवढ्यात मार्चमध्ये बटाटा लावता येतो. तिसऱ्या हिश्शाहून जास्तच भरेल."

"पण लावलेलं तर काहीच नाही, मिस्टर गारसाइड."

"या पावसात लावायला तो वेडा नाही." विल्फने बत्तीस लीककडे पाहिलं. "म्हणजे आहे. पण नाला त्याने काढला. तीन आठवडे. एकट्याने. सोळा नंबरचंही पाणी उतरलं त्याने."

"तुम्ही त्यांच्या वतीने बोलताय."

"त्याच्या वतीने मी कशाला बोलू? नाल्याच्या वतीने बोलतोय."

पाऊस वहीच्या पिशवीवर वाजत होता. मिसेस ओल्डरॉइड ओढ्यापर्यंत गेल्या, बांधाखालून येणारं पाणी वाकून पाहिलं, परत आल्या. 'विंटर डचेस'वर त्यांनी दोन रेघा ओढल्या, पट्टी लावून. मग खाली काहीतरी लिहिलं.

"निचऱ्याची मशागत, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुकडा तुमचा. आणि मिस्टर फेअरब्रास, आमच्या ह्यांना यातलं एक अक्षर सांगणार नाही मी. ते वर्षभर हसतील."

त्या सोळा नंबरकडे गेल्या. मी आभाराचं भाषण सुरू केलं. ते चांगलं झालं असतं, पण विल्फने हात वर केला. तो माझ्या आडव्यातिडव्या डचेसांच्या ओळीशी जाऊन उभा राहिला. एक डोळा मिटून त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग दुसरी ओळ पाहिली.

"सुतळी लावलीस?"

"हो."

"ही उपट आणि घरी नेऊन सूप कर, बटाटे मी देतो. पण ओळ सरळ आहे, पोरा. माझी कधी इतकी सरळ आली नाही, नोरा खिडकीतून बघून हसते. एप्रिलात माझ्या गाजरांच्या ओळी आखायला ये, आणि तोंड घरी ठेवून ये."