गौरीचा कोर्स, म्हैसूर आणि गप्प बसलेला मी

माणसं म्हैसूरला राजवाडा बघायला जातात. मी गेलो लेकीच्या डोक्यातलं खूळ काढायला. गौरीला बारावीनंतर ध्वनिमुद्रण शिकायचं होतं, तेही तिथे, तीन वर्षांची पदवी. माझं म्हणणं, कोल्हापुरातच बी.कॉम. कर, शनिवार-रविवार एखादा छोटा कोर्स लाव. खरं कारण सांगून टाकतो: तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत.

कोल्हापूरहून रात्रीच्या स्लीपर बसने बंगळुरू गाठा आणि पुढे रेल्वेच धरा, बसपेक्षा निवांत. सरस्वतीपुरमला गौरीच्या आईच्या मावशी राहतात, शांतामावशी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. "अय्यो, ऊट झालं नाही ना तुमचं? जेवायला बसा की अगोदर!" म्हणत त्यांनी वाफाळता बिसीबेळे भात वाढला. मी घास गिळत गौरीच्या खुळाची कथा सुरू केली.

"सुम्ने बसा हो जरा," मावशी म्हणाल्या. "पोरीला बोलू दे." सुम्ने म्हणजे गुमान, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

सकाळी कोपऱ्यावर लोणी-डोसा खाऊन सिटी बसने कॉलेजात गेलो. पालकांनो, माहितीपत्रकातल्या यंत्रांच्या फोटोंवर भाळू नका. मुलांना गाठून विचारा, स्टुडिओ हाताळायला कधीपासून मिळतो. इथली मुलं म्हणाली, पहिल्या वर्षापासून.

शिकवणारे सर मूळचे साताऱ्याचे. त्यांनी गौरीपुढे माइक ठेवला. "काहीही रेकॉर्ड कर."

"आधी खोलीची शांतता घेते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "प्रत्येक खोलीची वेगळी असते, बाबा. नंतर कापाकापी केली की मधल्या जागी हीच भरायची. नाहीतर कानाला खटकतं."

आम्ही गप्प बसलो. मला कसली शांतता जमतेय!

"बाबा, खुर्ची वाजली. पुन्हा."

मी श्वास रोखला. नंतर तिने माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. पंखा, लांबची एक स्कूटर, बाहेर कुणाच्या तरी चपला. मला रिकामी वाटलेली खोली चांगलीच भरलेली होती.

"हिला हे कुणी शिकवलं?" सरांनी मला विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो. अभिमान वाटला, आणि ही आता जाणार हेही कळलं.

राजवाडा राहूनच गेला. परतीच्या बसमध्ये मी एवढंच म्हणालो, "अर्ज भर." तिने माझा दंड धरला तो झोपेतही सोडला नाही. राजवाड्याची आता काळजी नाही, म्हैसूरला जाणं-येणं होतच राहील.

ती जायच्या आदल्या दिवशी तिने छोटा रेकॉर्डर आमच्या ओट्यावर ठेवला. "बाबा, सुम्ने बसा."

बसलो. फ्रिजची घरघर, शेजारचा कुकर, तिच्या हातातली बांगडी. शेवटी मला राहवलं नाही, मी नाक ओढलं.

"बिघडलं का गं? पुन्हा घेऊ या."

"नको," रेकॉर्डर बंद करत ती म्हणाली. "मला हेच न्यायचंय."